रिपोर्टवरचे तीन शब्द
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला सॉफ्टवेअर क्षेत्रातल्या अनुभवांवर बोलायला सांगितलं होतं. त्यांची परवानगी घेऊन मी विषय बदलला आहे. तीन वर्षांपूर्वी मला स्तनाचा कर्करोग झाला. उपचार पूर्ण झाले, आज मी बरी आहे. आपण सगळ्या आता पंचेचाळिशीच्या आसपास आहोत. भारतात हा आजार पाश्चात्त्य देशांपेक्षा साधारण दहा वर्षं आधी दिसतो, म्हणून हे बोलणं गरजेचं वाटतं. मुलांनीही ऐका, तुमच्याही घरी आई, बहीण, बायको आहे.

जीवशास्त्राच्या तासाला आपण पेशीची आकृती काढायचो. त्या पेशीवर निरोप घेणारे रिसेप्टर असतात. ‘वाढ’ असा निरोप आला की तो केंद्रकापर्यंत पोचतो, ठरावीक जनुकं चालू होतात आणि पेशीचं विभाजन होतं. गरज संपली की निरोप थांबतो.

‘हर-टू’ हा अशांपैकीच एक रिसेप्टर. त्याच्या जनुकाच्या पेशीत एरवी दोन प्रती असतात. काही गाठींमध्ये त्या कितीतरी वाढतात. मग पेशीवर रिसेप्टरची इतकी गर्दी होते, की बाहेरून निरोप न येताच ते आपापसांत जोड्या जमवून ‘वाढ, वाढ’ म्हणत राहतात.

अशा गाठी जास्त आक्रमक असतात, हे डेनिस स्लेमन आणि सहकाऱ्यांनी १९८७ साली अमेरिकेत दाखवलं. १९९८ मध्ये तिथे ट्रास्टुझुमॅब या औषधाला मान्यता मिळाली. ते नेमकं या रिसेप्टरलाच जाऊन चिकटतं. जी वाईट बातमी होती, तीच उपचाराची वाट झाली.

माझ्या पहिल्या रिपोर्टवर ‘हर-टू २+’ होतं. ० किंवा १+ म्हणजे निगेटिव्ह, ३+ म्हणजे पॉझिटिव्ह. २+ म्हणजे धड हो नाही, धड नाही नाही. अशा वेळी ‘फिश’ तपासणीत जनुकाच्या प्रती मोजतात. ती पॉझिटिव्ह आली, म्हणून मला वर्षभर, दर तीन आठवड्यांनी हे औषध मिळालं. हृदयावर परिणाम होऊ शकतो, म्हणून मधूनमधून इकोही काढत होते.

म्हणून एवढंच सांगते. गाठ दुखत नाही म्हणून थांबू नका. ही गाठ बहुधा दुखत नाहीच. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात, पण ते तपासल्यावरच कळतं. कर्करोग निघालाच, तर रिपोर्टवर तीन शब्द शोधा: ईआर, पीआर आणि हर-टू. पहिले दोन हार्मोनचे रिसेप्टर आहेत, त्यांच्यासाठी टॅमॉक्सिफेनसारखी वेगळी औषधं आहेत. तिन्हींची उत्तरं डॉक्टरांना विचारा. २+ असेल, तर पुढची तपासणी केली का, हेही विचारा. शाळेत प्रश्न विचारायला लाजलो असू, इथे लाजू नका.

पुढच्या मेळाव्यालाही आपण सगळ्या भेटूच.