पुस्तकांविषयीची पुस्तके : एका वर्षाचा वाचनसंकल्प



ढोकीच्या शेजारीच तेर आहे. तेथील गोरोबाकाकांनी संतमंडळींची परीक्षा घेतल्याची कथा या भागातील मुलांच्या परिचयाची आहे. मडके थापटण्याने ठोकून पाहावे, तसे त्यांनी प्रत्येकाचे डोके पाहिले व नामदेवांना कच्चे ठरविले. कुंभाराला मडक्याची पारख जितकी आवश्यक, तितकीच शिक्षकाला पुस्तकाची पारख आवश्यक होय.

ही पारख उपजत नसते. ती अभ्यासाने येते. त्यासाठी एक साधा संकल्प करता येईल. पुस्तके, ग्रंथालये व वाचक यांविषयी लिहिलेली बारा पुस्तके वर्षभरात वाचावी, महिन्यास एक. आणि प्रत्येकाविषयी दहा ओळींचे टिपण वहीत करावे. १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन प्रारंभास योग्य आहे. मात्र एका दिवसाच्या समारंभाने सवय जडत नाही. तिला वर्ष द्यावे लागते.

अशी पुस्तके मराठीत आहेत. गोविंद तळवलकरांचे 'वाचता वाचता' जगातील ग्रंथांची ओळख करून देते. सतीश काळसेकरांच्या 'वाचणाऱ्याची रोजनिशी' या पुस्तकास २०१३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. वाचन माणसाच्या नित्य जीवनात कसे मिसळते, हे त्यात दिसते. शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' १८०० ते १९५० या दीडशे वर्षांतील मराठी ग्रंथांची नोंद देते. ती सलग वाचावयाची नव्हे; परंतु ती चाळून पाहिल्यावर आपल्या शाळेच्या कपाटाचीही नीट यादी करावी, असे शिक्षकास वाटेल. बारा पुस्तके एका शाळेला मिळणे कठीण. म्हणून केंद्रातील शाळांनी एकेक मिळवून ती आपसांत फिरवावी. बारा न जमल्यास सहा वाचावी. पण टिपण सोडू नये.

या वाचनातून शाळेला काय मिळेल, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. डॉ. रंगनाथन हे मूळचे गणिताचे अध्यापक. पुढे मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. ग्रंथालयाची पाच सूत्रे सांगणारा त्यांचा ग्रंथ १९३१ साली निघाला. पुस्तके वापरण्यासाठी असतात, हे त्यांचे पहिले सूत्र. एके काळी युरोपातील ग्रंथालयांत पुस्तके साखळदंडाने बांधून ठेवीत. ती सुरक्षित राहत. परंतु वाचकाला घरी नेता येत नसत.

आपल्या खेड्यांतील शाळांत साखळी नाही. पण अनेक ठिकाणी कपाटाला कुलूप आहे. त्याचे कारण आळस नव्हे, भीती होय. पुस्तक फाटले किंवा हरवले तर भरपाई आपल्यावर येईल, या धास्तीने शिक्षक कपाट तपासणीच्या दिवशीच उघडतो. पुस्तके कोरी राहतात, आणि अक्षर ओळखणारे मूल वाचक न होताच शाळा सोडते. ही भीती घालविणे तपासणी करणाऱ्यांच्याही हाती आहे. वापराने जीर्ण झालेल्या पुस्तकाची नोंद त्यांनी हानी म्हणून नव्हे, काम म्हणून वाचावी.

म्हणून वर्षअखेर या संकल्पाची परीक्षा शिक्षकाच्या टिपणवहीत होणार नाही. ती मुलांच्या देवघेवीच्या वहीत होईल. फाटलेले पान खळीने चिकटविता येते. वाचनाचे वय हातचे निसटलेल्या मुलाला ते वय परत देण्याचा उपाय कोणत्याही शाळेपाशी नाही.