गल्लीची सभा

लोकशाही हा शब्द उच्चारतांच सुशिक्षित मनुष्याच्या डोळ्यांपुढें संसदेचें सभागृह, निवडणुकीच्या मिरवणुका आणि वर्तमानपत्रांतील ठळक मथळे उभे राहतात. ज्या राज्यकारभाराशीं त्याचा रोज पहांटे संबंध येतो, तिकडे मात्र त्याचें सहसा लक्ष जात नाहीं. नळाला पाणी किती वाजतां येतें व किती वेळ टिकतें, कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर थांबते कीं तशीच पुढें निघून जाते, शाळेला निघालेल्या मुलाला पदपथ मोकळा सांपडतो कीं वाहनांच्या रांगेंतून वाट काढावी लागते, हे सारे राज्यकारभाराचेच प्रश्न आहेत. त्यांचा विचार करण्यासाठीं शेजारीपाजारी एकत्र जमतात. त्यांच्या सभेला कोणी नागरिक मंडळ म्हणतात, कोणी रहिवासी संघ, तर कोणी मोहल्ला समिति. नांव कांहींही असो. तिचें काम कसें चालावें आणि तिच्यापासून समाजाला लाभ कोणता, ह्याचा थोडा विचार आज करावयाचा आहे.

अशा सभांची परंपरा महाराष्ट्राला नवी नाहीं. पुण्याची सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजीं स्थापन झाली. तिचें नांव निघालें कीं दुष्काळांत तिनें केलेली पाहणी व सरकारकडे धाडलेले अर्ज आठवतात. परंतु तिचें मूळ एका अगदीं स्थानिक तक्रारींत आहे. पर्वती संस्थानचा कारभार नीट चालत नाहीं, अशी पुणेकरांची ओरड होती आणि ती कोणी, कोणाच्या वतीनें मांडावी हा प्रश्न होता. ज्यांना लोक पुढें आदरानें सार्वजनिक काका म्हणूं लागले, ते गणेश वासुदेव जोशी ह्या कामांत अग्रभागीं होते. सभेनें असा नियम केला कीं, प्रतिनिधि होऊं इच्छिणाऱ्यानें निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें. आरंभींच्या ९५ प्रतिनिधींच्या पाठीशीं सुमारें ६,००० माणसें होतीं. नियम दिसावयास साधा आहे, पण त्याचें मर्म खोल आहे. बोलण्यास उभें राहण्यापूर्वीं पन्नास माणसांचे दरवाजे ठोठावावे, त्यांचें म्हणणें ऐकावें, आणि मग तोंड उघडावें, ही शिस्त त्यांत आहे.

पुढें लॉर्ड रिपन यांच्या १८ मे १८८२ च्या ठरावानें स्थानिक स्वराज्याला राजमान्यता मिळाली. स्वातंत्र्यानंतर पुष्कळ वर्षांनीं, १९९२ सालीं, संसदेनें चौऱ्याहत्तरावी घटनादुरुस्ति संमत केली आणि १ जून १९९३ पासून ती अमलांत आली. तीन लाख किंवा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्या, असें तिनें सांगितलें. महाराष्ट्राच्या कायद्यानें ह्या समित्यांवर सामाजिक कार्य करणाऱ्या संस्थांचे तीनपर्यंत सभासद घेण्याची सोयही ठेविली. कायद्यानें उभारलेली ही शिडी चांगली आहे. मात्र तिची सर्वांत खालची पायरीही सामान्य माणसाच्या पायाला उंच पडते. मोठ्या शहरांतील एका प्रभागांत हजारों माणसें राहतात. त्यांतील शेवटच्या घराची मोरी तुंबली, तर ती गोष्ट प्रभाग समितीच्या कानीं पडावी कशी? शिवाय शिडी कधीं कधीं मधूनच मोडते. मार्च २०२२ मध्यें मुंबई व पुणे येथील महापालिकांची मुदत संपली आणि नव्या निवडणुका तीन वर्षांहून अधिक काळ लांबल्या. तेवढ्या अवधींत नगरसेवक नव्हते. कारभार प्रशासकांच्या हातीं होता. ज्या गल्लीची सारी भिस्त एका नगरसेवकाच्या ओळखीवर होती, तिला आतां कोणाकडे जावें हेंच कळेना. जेथें लोकांचें स्वतःचें मंडळ होतें, तेथें निदान अर्जावर सह्या करणारे हात तरी एकत्र होते.

आतां ह्या सभा प्रत्यक्षांत चालतात कशा, तें पाहूं. पुष्कळ ठिकाणीं नळ कोरडा पडला म्हणजेच सभेची आठवण होते. तीस माणसें एकदम बोलतात. कोणी गटारापासून आरंभ करून देशाच्या अर्थनीतीपर्यंत जाऊन पोंचतो. कोणी दहा वर्षांपूर्वींच्या वाहन लावण्याच्या भांडणाचा हिशेब त्याच दिवशीं चुकता करूं पाहतो. शेवटीं चहा होतो, ‘कांहीं तरी केलें पाहिजे’ ह्यावर एकमत होतें, आणि जो तो घरीं जातो. कागदावर एक ओळही उमटत नाहीं. अशी सभा न भरली तरी कोणाचें नुकसान होत नाहीं.

चांगल्या सभेचीं लक्षणें थोडीं आणि सोपीं आहेत. तिची तारीख ठरलेली असते; संकटाची वाट पाहून ती भरत नाहीं. तिच्या कार्यक्रमपत्रिकेवर तीन-चारच विषय असतात. प्रत्येक विषयाच्या शेवटीं कोणी जावयाचें, कोणत्या कार्यालयांत जावयाचें आणि केव्हांपर्यंत जावयाचें, हीं तीन उत्तरें इतिवृत्ताच्या वहींत लिहिलीं जातात. दिलेल्या अर्जाच्या प्रतीवर कार्यालयाचा शिक्का व आवक क्रमांक घेतला जातो. पुढील सभेचा आरंभ मागील इतिवृत्ताच्या वाचनानें होतो. मग ज्यानें काम अंगावर घेतलें आणि केलें नाहीं, त्याला सर्वांसमक्ष तसें सांगावें लागतें. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ सालीं झाल्यापासून, सामान्यतः तीस दिवसांत कार्यालयानें माहिती दिली पाहिजे, असें बंधन आहे. परंतु ज्याच्यापाशीं आपल्या अर्जाची तारीख व क्रमांक आहे, त्यालाच ह्या कायद्याचा खरा उपयोग होतो.

पाण्याचेंच उदाहरण घ्यावें. ‘आमच्या गल्लींत पाणी येत नाहीं’ हें वाक्य ऐकून अभियंत्यानें काय करावें? परंतु गल्लींतील पहिल्या, मधल्या व शेवटच्या घरीं सात दिवस नोंद ठेवली. चावीवाल्यानें चावी केव्हां उघडली, केव्हां बंद केली, आणि एक बादली भरावयास प्रत्येक ठिकाणीं किती मिनिटें लागलीं, हें लिहून काढलें, तर त्या कागदाला उत्तर देणें कार्यालयाला भाग पडतें. कधीं चावी पुरी उघडली जात नाहीं असें दिसून येतें, कधीं जमिनीखालीं नळ फुटलेला सांपडतो. आणि कधीं असें निघतें कीं, सभेंतच मानानें बसलेल्या दोन-तीन गृहस्थांनीं मुख्य नळाला थेट विजेचा पंप जोडला असून शेजाऱ्यांच्या वांट्याचें पाणी ते ओढून घेत आहेत. सभेची खरी परीक्षा ह्या वेळीं होते. महापालिकेवर टीका करण्यास धैर्य लागत नाहीं. शेजाऱ्याला ‘पंप काढा’ असें सौम्यपणें व सर्वांदेखत सांगण्यास मात्र तें लागतें. ज्या सभेला हें साधलें, तिचा शब्द वॉर्ड ऑफिसांतही मानला जातो.

मुंबईंत घाटकोपरच्या जोशी लेनमधील रहिवाशांनीं १९९० नंतरच्या दशकांत आपल्या गल्लीच्या स्वच्छतेचा भार स्वतः उचलला. घरोघरीं ओला व सुका कचरा निराळा ठेवण्याची ही रीत महापालिकेनें उचलून धरली आणि अशा वस्तीपातळीवरील मंडळांची योजना शहरभर चालू केली. देशाच्या नियमांनीं कचऱ्याचें वर्गीकरण घरोघरीं बंधनकारक केलें तें पुढें, २०१६ सालीं. पुण्याच्या महापालिकेनें २००६ पासून अंदाजपत्रकासाठीं नागरिकांकडून पदपथ, दिवे, बसथांबे अशा लहान कामांच्या सूचना मागविण्यास आरंभ केला. अशी सूचना एकट्यादुकट्यानें केली तर ती कागदांच्या ढिगांत लोपते. गल्लीनें एकत्र बसून, कामांचा क्रम लावून ती केली म्हणजे तिला वजन येतें.

तथापि नळ, गटारें आणि दिवे एवढ्यासाठींच ह्या सभा नाहींत. त्यांचें सर्वांत मोठें फळ कोणतें, हें भिवंडीच्या उदाहरणावरून कळतें. यंत्रमागांचें हें गांव १९७० व १९८४ ह्या सालांतील भीषण दंगलींमुळें देशभर कुप्रसिद्ध झालें होतें. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथें पोलीस उपायुक्त असलेले सुरेश खोपडे यांनीं मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून समित्या उभारल्या. हिंदु व मुसलमान अशा दोन्ही समाजांतील साधींसुधीं माणसें त्यांत होतीं. केवळ पुढाऱ्यांना खुर्च्या देऊन त्या सजविल्या नव्हत्या. त्या दंगलीची वाट पाहत बसल्या नाहींत. नित्याच्या तक्रारी, शेजाऱ्यांचीं भांडणें, सणांच्या आधींची तयारी अशा लहान कामांसाठीं माणसें वरचेवर समोरासमोर बसलीं, पोलीस शिपायाला नांवानें ओळखूं लागलीं आणि तोही त्यांना ओळखूं लागला. डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्यें शेजारची मुंबई पेटली आणि तींत सुमारें ९०० माणसें प्राणांस मुकलीं. त्या दिवसांत, पूर्वीं दोनदां होरपळलेली भिवंडी शांत राहिली. ह्याचें सारें श्रेय एकट्या समित्यांना देणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु अफवा आली असतां ‘हें खरें काय?’ असें विचारण्यासाठीं भिंतीपलीकडे ओळखीचा मनुष्य असणें, ही गोष्ट लहान नव्हे. त्या दंगलींनंतर मुंबईंतही मोहल्ला समित्यांचें काम सुरू झालें. त्यांत त्यावेळचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांचा पुढाकार होता.

विश्वास संकटाच्या दिवशीं उसना आणतां येत नाहीं. तो आधीं थोडाथोडा साठवून ठेवावा लागतो. गटाराच्या झांकणाविषयीं जे शेजारी चार वेळां बोलले, वादले आणि शेवटीं एका कागदावर सह्या करून उठले, त्यांच्यापाशीं तो सांठा असतो. म्हणूनच ह्या सभेंत कोणाला स्थान आहे, हा प्रश्न पाण्याच्या प्रश्नाहून महत्त्वाचा ठरतो. शहरांतील अनेक मंडळें नकळत घरमालकांचीं मंडळें होऊन बसतात. भाडेकरूला बोलावणें जात नाहीं, कारण ‘तो उद्यां जाईल’. घरोघरीं भांडीं घासणाऱ्या बाईला, कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला, कचरा वेंचणाऱ्या स्त्रियांना बोलवावें, हें कोणाच्या मनांतही येत नाहीं. वस्तुतः गल्लीचा कचरा कोठें साठतो व कां साठतो, हें त्या स्त्रियांना जितकें ठाऊक असतें, तितकें अध्यक्षांना नसतें. पुण्यांत कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ सालीं स्थापन झाली आणि तिच्यांतून उभ्या राहिलेल्या ‘स्वच्छ’ ह्या सहकारी संस्थेकडे महापालिकेनें २००८ सालीं घरोघरचा कचरा गोळा करण्याचें काम सोंपविलें. ज्यांना लोक ओझें समजत होते, त्यांच्याच अंगच्या ज्ञानावर शहराची स्वच्छता चालूं शकते, हें त्यावरून दिसून आलें.

सभेची वेळ ही देखील क्षुल्लक बाब नाहीं. रात्रीं आठला सभा ठेवली कीं स्वयंपाकघरांत अडकलेली गृहिणी आणि पाळीवर गेलेला कामगार आपोआप बाहेर राहतात. आणि घरांतील पाणी भरण्याचा भार बहुधा त्या गृहिणीवरच असतो. रविवारचा सकाळचा एक तास, शाळेची पडवी किंवा इमारतीचा जिना, आणि एखाद्या वडीलधाऱ्या मनुष्याप्रमाणेंच एखाद्या तरुण मुलीच्याही हातीं इतिवृत्ताची वही, एवढी व्यवस्था केली तरी सभेचें रूप पालटतें.

पुण्याच्या जुन्या सभेनें आपल्या प्रतिनिधीकडे पन्नास माणसांचें मुखत्यारपत्र मागितलें होतें. आजच्या गल्लींतील मंडळानें तसा कागद मागण्याचें कारण नाहीं. परंतु ‘आपण कोणाच्या वतीनें बोलत आहों?’ हा प्रश्न प्रत्येक चिटणीसानें सभेपूर्वीं स्वतःला विचारावा, आणि उत्तरांत ज्यांचीं नांवें आलीं नाहींत, त्यांच्या दारावर जाऊन पुढील सभेचें बोलावणें द्यावें. त्या एका फेरीला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाहीं.