घराचे मोल सांगण्याचा व्यवसाय
(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनप्रसंगी वाशी येथे दिलेले व्याख्यान)



विद्यार्थ्यांच्या गुणगौरवाचा समारंभ नुकताच पार पडला. पारितोषिके स्वीकारणाऱ्यांत स्थापत्य अभियांत्रिकी आणि वास्तुशास्त्र या शाखांचे विद्यार्थी होते, ही गोष्ट मला विशेष आनंदाची वाटली. पदवी हाती पडल्यावर अशा तरुणांना बहुधा दोनच वाटा दिसतात. एक ठेकेदाराकडील अगर कंपनीतील नोकरीची आणि दुसरी सरकारी परीक्षांची. तिसरीही एक वाट आहे. ती म्हणजे जमीन व इमारतींच्या मूल्यांकनाची, व्यवहारात ज्याला आपण 'व्हॅल्युअर' म्हणतो त्याच्या व्यवसायाची. या विषयावर चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली, म्हणून मी आपल्यापुढे उभा आहे. विषय वरवर पाहता रूक्ष वाटेल. परंतु आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांची आयुष्यभराची कमाई ज्या घरात गुंतलेली असते, त्या घराशीच त्याचा संबंध असल्यामुळे गृहिणींपासून वृद्धांपर्यंत सर्वांनी तो ऐकावा अशी माझी विनंती आहे.

प्रथम आपण जेथे बसलो आहोत त्या नगरीकडे पाहू. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर नवी मुंबईची आखणी झाली. १९७३ साली वाशीचा खाडीपूल झाला, १९९२ साली मानखुर्दहून आगगाडी वाशीला आली, जानेवारी २०२४ मध्ये शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू खुला झाला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटन झाले. या प्रत्येक घटनेबरोबर येथील जमिनीचा भाव बदलत गेला. जमिनीचे मोल कोणी व कसे ठरवावयाचे, या प्रश्नाची किंमत तर या भूमीने रक्ताने मोजली आहे. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी योग्य मोबदल्यासाठी आंदोलन केले, तेव्हा जासई परिसरात पाच जणांना प्राणास मुकावे लागले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याच्या योजनेमागे त्या बलिदानाची पार्श्वभूमी आहे. मोल चुकीचे ठरले म्हणजे ते केवळ आकड्याचे चुकणे नसते, तर कोणाच्या तरी संसारावर त्याचा घाव बसतो, हे या भूमीत राहणाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

आता मूल्यांकक नेमके काय करतो ते पाहू. शासन दरवर्षी बाजारमूल्याचा जो दर तक्ता काढते, ज्यास सर्वजण रेडी रेकनर म्हणतात, तो मुद्रांक शुल्क आकारण्यासाठी असतो. केवळ त्यावरून घराची किंमत लिहिणे म्हणजे पंचांग पाहून पाऊस पडल्याचे सांगण्यासारखे आहे. खरा मूल्यांकक प्रत्यक्ष जागेवर जातो, मोजमाप घेतो, कागदपत्रे वाचतो आणि शेजारपाजारच्या अलीकडील नोंदणीकृत व्यवहारांशी तुलना करतो. जेथे तुलनेस व्यवहार मिळत नाहीत, तेथे तो जमिनीची किंमत आणि झीज वजा करून उरलेली बांधकामाची किंमत यांची बेरीज करतो. उदाहरणार्थ, एखादे बांधकाम आज नव्याने करावयास २० लाख रुपये लागतील असे समजा. इमारतीचे आयुष्य ६० वर्षे, तिचे वय ३० वर्षे आणि अखेरीस उरणारे मोल एकदशांश धरले, तर झीज शेकडा ४५, म्हणजे ९ लाख होते आणि बांधकामाचे आजचे मोल ११ लाख उरते. भाड्याने दिलेल्या मालमत्तेचा विचार तिच्या उत्पन्नावरूनही केला जातो. या तीन पद्धतींपैकी कोणती केव्हा लावावयाची, हे ठरविण्यातच या विद्येचे मर्म आहे.

नवी मुंबईत या कामास आणखी काही गाठी आहेत. येथील सिडकोने दिलेली बहुतेक जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्याची आहे. १९८५ साली दिलेल्या पट्ट्याची मुदत २०४५ साली संपते. तेव्हा पट्ट्याची शिल्लक वर्षे, नूतनीकरणाच्या अटी, हस्तांतरास सिडकोची परवानगी आणि त्याचे शुल्क, अगर जमीन मालकी हक्कात आली असल्यास तसा कागद, हे सारे पाहिल्यावाचून मोल सांगता येत नाही. दुसरी गाठ क्षेत्रफळाची. स्थावर संपदा अधिनियम २०१६ ने चटई क्षेत्राची व्याख्या करून दिली असली, तरी जुन्या करारनाम्यांत 'सुपर बिल्टअप' चे फुगविलेले आकडे आजही सापडतात. तिसरी गाठ परवानगीची. दिघा येथील ९९ बेकायदेशीर इमारतींचा प्रश्न २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गाजला, तो आपल्यापैकी अनेकांस आठवत असेल. भिंत भक्कम, फरशी गुळगुळीत, परंतु भोगवटा प्रमाणपत्र नाही, अशा घराचे मोल काय? खरेदीपूर्वी हा प्रश्न स्पष्टपणे विचारणारा एखादा जाणता मनुष्य भेटला, तर एखाद्या कुटुंबाचे उभे आयुष्य वाचू शकते.

असे काम करू इच्छिणाऱ्या तरुणाने पात्र कसे व्हावे, ते आता क्रमाने सांगतो. पूर्वी संपत्तीकर कायद्याच्या कलम ३४ एबी खाली मूल्यांककांची नोंदणी होत असे. तो कर २०१५ च्या वित्त अधिनियमाने रद्द झाला. पुढे कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम २४७ ला अनुसरून ऑक्टोबर २०१७ मध्ये नोंदणीकृत मूल्यांककांचे नियम आले आणि भारतीय नादारी व दिवाळखोरी मंडळाकडे ही नोंदणी सोपविण्यात आली. या नियमांत मालमत्तेचे तीन वर्ग केलेले आहेत. जमीन व इमारती हा एक, यंत्रसामग्री हा दुसरा आणि रोखे व वित्तीय मालमत्ता हा तिसरा. आपल्या विद्यार्थ्यांचा संबंध पहिल्या वर्गाशी आहे. त्यासाठी स्थापत्य अभियांत्रिकी, वास्तुशास्त्र अगर नगररचना यांतील पदवी किंवा समकक्ष पात्रता आणि पदवीनंतर त्या क्षेत्रातील पाच वर्षांचा अनुभव लागतो. पदव्युत्तर शिक्षण असल्यास अनुभवाची अट तीन वर्षांची आहे. केवळ पदविका घेऊन थांबलेल्या विद्यार्थ्यांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी आणि नोकरी सांभाळून पदवीचा मार्ग धरावा.

यानंतर मान्यताप्राप्त मूल्यांकक संघटनेचे सभासद व्हावे लागते आणि तिने चालविलेला अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो. नियम आले तेव्हा तो किमान ५० तासांचा ठेवण्यात आला. मग संगणकावरील दोन तासांची परीक्षा येते. उत्तीर्ण होण्यास शेकडा ६० गुण लागतात आणि चुकीच्या उत्तरास त्या प्रश्नाच्या गुणांपैकी पाव हिस्सा कापला जातो; म्हणून अंदाजाने ठोकून देण्याची सवय येथे महाग पडते. विषयांत मूल्यांकनाबरोबर अर्थशास्त्र आणि अनेक कायदे येतात, त्यामुळे इतकी वर्षे कायद्याचे पुस्तक न उघडलेल्या अभियंत्यास अभ्यास करावाच लागतो. परीक्षेनंतर संघटनेच्या शिफारशीसह अर्ज केल्यावर नोंदणी मिळते. नियमांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून अर्ज करण्यापूर्वी मंडळाची चालू सूचनापत्रके जरूर पाहावीत. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ही नोंदणी म्हणजे गृहकर्जाच्या कामाची हमी नव्हे. प्रत्येक बँक मूल्यांककांची आपली स्वतंत्र यादी ठेवते आणि तिच्यात नाव येण्यास वेगळा अर्ज करावा लागतो. प्रारंभीची काही वर्षे एखाद्या अनुभवी मूल्यांककाच्या हाताखाली, उन्हातान्हात जिने चढत आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील दस्त चाळीत काढावी लागतील.

बंधुभगिनींनो, परीक्षा उत्तीर्ण होणे हा या व्यवसायाचा सोपा भाग आहे. अवघड भाग पुढेच आहे आणि त्याविषयी बोलण्यास ज्ञातीच्या सभेहून योग्य स्थान नाही. अमेरिकेत १९८० नंतरच्या दशकात शेकडो बचत-कर्ज संस्था बुडाल्या. त्या बुडण्याच्या कारणांत फुगविलेली मूल्यांकने हेही एक होते. म्हणून १९८९ साली तेथे कायदा होऊन राज्यांनी मूल्यांककांस परवाने व प्रमाणपत्रे देण्याची व्यवस्था झाली. राहत्या घरांच्या प्रमाणित मूल्यांककास आज तेथे शिक्षणाखेरीज १,५०० तासांचा देखरेखीखालील अनुभव दाखवावा लागतो. तरीही २००८ साली घरांच्या कर्जांचे अरिष्ट आलेच. आणि मूल्यांककावर कोणीही दडपण आणू नये यासाठी २०१० साली पुन्हा कायदा करावा लागला. तात्पर्य हे की, ज्ञान असूनही मनुष्य दडपणाखाली वाकतो. आपल्या नियमांतील आचारसंहितेतही म्हणूनच मूल्यांककाने निःपक्षपाती राहावे, हितसंबंध असल्यास तो उघड करावा आणि लेखी ठरलेल्या मोबदल्याखेरीज काहीही घेऊ नये, असे बंधन आहे.

अमेरिकेत हे दडपण धनकोंकडून आले. आपल्याकडे ते बहुधा मायेच्या वाटेने येते. काका म्हणतात, "अरे, तू घरचाच मुलगा. कर्जासाठी पाच लाख वर टाकलेस तर तुझे काय जाते?" मामा म्हणतात, "वाटणीचे काम आहे, थोडे खाली धर." ज्याने लहानपणी कडेवर खेळविले त्याला नाही म्हणणे सोपे नसते. परंतु या दोन्ही शब्दांचा परिणाम काय होतो ते पाहा. फुगविलेल्या मोलावर अधिक कर्ज मिळाले, तरी त्याचे हप्ते त्याच काकांच्या पगारातून जावयाचे असतात. आणि हप्ते थकले म्हणजे घर फुगविलेल्या किमतीने विकले जात नाही.

वाटणीचे उदाहरण याहून बोलके आहे. वडील मृत्युपत्र न करता वारले, त्यांची आई हयात नाही आणि मागे पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी आहे, असे समजा. हिंदू वारसा अधिनियम १९५६ प्रमाणे वडिलांच्या स्वार्जित घरात चौघांचे समान हिस्से होतात. घराचे खरे मोल एक कोटी असेल, तर मुलीच्या हिश्शाला २५ लाख येतात. घर आपल्याकडे ठेवू पाहणाऱ्या भावाने ज्ञातीतल्याच मूल्यांककाकडून ते ८० लाख लिहवून घेतले, तर तिच्या पदरी २० लाख पडतात. त्या एका सहीने बहिणीचे पाच लाख गेले. तीही आपल्याच ज्ञातीची कन्या आहे. कोणत्या नात्याला आपण जागलो आणि कोणते नाते तोडले, याचा विचार त्या सहीपूर्वी झाला पाहिजे.

म्हणून तरुणांना माझे सांगणे आहे की, निकटच्या आप्ताचे काम आले तर ते नम्रपणे दुसऱ्या मूल्यांककाकडे पाठवावे. आपला अहवाल कोणत्या दस्तांवर आधारला आहे त्याची टिपणे जपून ठेवावीत. उद्या कोणी प्रश्न केला तर आकड्यामागील कारण दाखविता आले पाहिजे. गिऱ्हाईक रुष्ट होऊन गेले तरी चालेल, पण या मनुष्याचा आकडा वाकत नाही, अशी ज्याची ख्याती होते, त्याच्याकडे बँका आणि न्यायालये आपण होऊन येतात. या व्यवसायातील भांडवल तेवढेच आहे.

आणि ज्येष्ठांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या मुलांनी या व्यवसायात यावे असे आपल्याला वाटत असेल, तर त्यांना खोटा आकडा मागू नका. ज्ञातिसंस्था आपण परस्परांच्या साहाय्यासाठी काढल्या. गरजू विद्यार्थ्यास शिष्यवृत्ती देणे, परगावच्या मुलास आसरा देणे, आजाऱ्याची विचारपूस करणे हे त्यांचे भूषण आहे. मूल्यांककाकडून मात्र ज्ञातीने एकच साहाय्य घ्यावे, ते म्हणजे खरे मोल. संस्थेने या परीक्षेची पुस्तके आपल्या ग्रंथालयात ठेवावीत, आपल्यातील अनुभवी अभियंत्यांनी दोन-दोन उमेदवारांस हाताशी घ्यावे आणि घर घेण्यापूर्वी कागद कसे वाचावेत यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ सभासदांना मार्गदर्शन द्यावे, अशी सूचना मी कार्यकारी मंडळापुढे ठेवतो. तिचा विचार व्हावा.