वृद्धांचे स्वावलंबन आणि शेजारधर्म



१ ऑक्टोबर ही तारीख पनवेलकरांच्या दृष्टीने दुहेरी महत्त्वाची आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९९० सालच्या ठरावानुसार हा दिवस जगभर ज्येष्ठांचा दिवस म्हणून पाळला जातो. आणि २०१६ साली याच दिवशी पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली. १८५२ पासून नगरपालिका असलेल्या या जुन्या बंदराच्या गावाशी खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल अशा वसाहती एका कारभाराखाली जोडल्या गेल्या. शहराचा विस्तार झाला. त्या विस्तारात वृद्धांचे स्थान कोणते, हा प्रश्न मात्र प्रत्येक वाढत्या शहराप्रमाणे पनवेललाही विचारावाच लागेल.

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठ वर्षांवरील स्त्रीपुरुषांची संख्या सुमारे १ कोटी ११ लाख होती. म्हणजे दर दहा माणसांमागे जवळजवळ एक. त्यांच्या प्रश्नाचा विषय निघाला की वृद्धाश्रमाचे नाव प्रथम पुढे येते. ज्यांना कोणाचाच आधार नाही, त्यांच्यासाठी अशा संस्था हव्यातच. पनवेल तालुक्यातील नेरे येथे शांतिवनात कुष्ठरोग निवारण समितीने कुष्ठमुक्तांच्या पुनर्वसनाबरोबरच वृद्धांच्या निवासाचेही कार्य उभे केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु बहुसंख्य वृद्धांची इच्छा एकच असते : शेवटपर्यंत आपल्याच घरी, आपल्या हिमतीवर राहावे.

मग घर सुटते ते कशामुळे? प्रत्येक वेळी मोठे दुखणेच कारण असते असे नाही. डोळ्यांत मोतीबिंदू वाढतो आणि चूल पेटविण्याची भीती वाटू लागते. न्हाणीघरात पाय घसरतो. औषध आणावयास कोणी नसते. बँकेतील अर्ज भरता येत नाही. हयातीचा दाखला वेळेवर न गेल्यामुळे निवृत्तिवेतन थांबते. यांतील प्रत्येक अडचण अर्ध्या तासात सुटण्यासारखी असते. पण तो अर्धा तास देणारे माणूस जवळ नसले, की वृद्धाचे स्वातंत्र्य संपुष्टात येते.

पूर्वी हे काम गावठाणातला शेजार करीत असे. सकाळी समोरच्या ओसरीवर आजी दिसल्या नाहीत, तर कोणी तरी हाक मारून येई. नोकरीसाठी तरुण मंडळी दूर गेली आणि हा शेजार विरळ झाला. नवी मुंबई विमानतळासाठी या भागातील दहा वस्त्यांचे पुनर्वसन करावे लागले. घराच्या बदल्यात घर देता येते. चाळीस वर्षांचा शेजार भूखंडाबरोबर देता येत नाही. तो पुन्हा जोडावा लागतो, आणि छोट्या सामुदायिक उपक्रमांचे खरे प्रयोजन हेच आहे.

राज्यातील शहरांत व मोठ्या गावांत ज्येष्ठ नागरिक संघ काम करतात; नवी मुंबईत महानगरपालिकेने विरंगुळा केंद्रे उभारली आहेत. वृत्तपत्रे, कॅरम आणि गप्पा एवढेच तेथे चालते, असे वरवर पाहणाऱ्यास वाटेल. प्रत्यक्षात तेथे नकळत रोजची हजेरी लागत असते. नेहमी येणारा सभासद दोन दिवस आला नाही, तर त्याच्या घरी चौकशी होते. एकट्या माणसाला याहून मोठे संरक्षण कोणते?

शासनानेही साधने दिली आहेत. पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा २००७ साली झाला. त्याखालील राज्याच्या २०१० च्या नियमांनुसार प्रत्येक पोलीस ठाण्याने आपल्या हद्दीतील ज्येष्ठांची, विशेषतः एकट्याने राहणाऱ्यांची, यादी ठेवावयाची असून महिन्यातून किमान एकदा त्यांची भेट घ्यावयाची आहे. या भेटीत सामाजिक कार्यकर्ता किंवा स्वयंसेवक सोबत असावा, अशीही त्यात अपेक्षा आहे. सत्तरीपुढील ग्राहकांना घरपोच सेवा देण्याची सूचना रिझर्व्ह बँकेने २०१७ साली बँकांना केली. हयातीचा दाखला आता पोस्टमनमार्फत घरबसल्या देता येतो. १४५६७ या क्रमांकावर ज्येष्ठांसाठी मदतवाहिनी आहे. परंतु ज्याला वाचता येत नाही, ऐकू कमी येते, त्याच्यापर्यंत ही माहिती पोहोचणार कशी? यादी कागदावर असून भागत नाही. यादीतील नावाच्या दारावर कोणी तरी थाप द्यावी लागते.

केरळ राज्याने या बाबतीत अनुकरणीय मार्ग दाखविला आहे. कोझिकोड येथे १९९३ साली सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेतून पुढे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांची जाळी विणली गेली. घरी अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे हे स्वयंसेवक नियमाने जातात. २००८ साली त्या राज्याने यासंबंधी धोरण स्वीकारले आणि ग्रामपंचायतींना त्यात स्थान दिले. मोठ्या इमारतींपेक्षा तेथे माणसांच्या नियमित भेटींवर भर आहे.

पनवेल तालुक्यातील ग्रामपंचायतींना आणि शहरातील प्रभागांना हे अशक्य नाही. प्रत्येक वॉर्डातील एकट्या वृद्धांची नोंद करावी. दर पाच-सहा घरांमागे एक जबाबदार व्यक्ती नेमावी. शिक्षकांनी वरच्या वर्गातील मुलांना वडीलधाऱ्यांचे अर्ज वाचून दाखविण्यास शिकवावे. ग्रामसेवकांनी हयातीच्या दाखल्यासाठी वर्षातून एक दिवस वस्तीवरच ठरवून द्यावा. नेत्रतपासणीच्या शिबिरास जाण्यासाठी वाहनाची सोय करावी. या कामांना खर्च थोडा लागतो, सातत्य मात्र फार लागते.

स्वावलंबन म्हणजे कोणाचीही मदत न घेणे नव्हे. योग्य वेळी थोडी मदत मिळाल्यामुळे उरलेले सर्व स्वतः करता येणे, हाच वार्धक्यातील स्वावलंबनाचा अर्थ होय. ज्यांनी ही गावे आपल्या श्रमांनी उभी केली, त्यांना आपल्याच उंबरठ्याआड सन्मानाने राहता यावे, एवढी व्यवस्था प्रत्येक वस्तीने करावी. तिचा आरंभ शेजारच्या दारापासून आजच होऊ शकतो.