विशेषण आणि क्रियाविशेषण

पेडणे-डिचोलीचा विद्यार्थी इंग्रजीत ‘शी सिंग्ज गुड’ म्हणतो, तेव्हा त्याच्या बुद्धीला बोल लावू नये. त्यामागे मराठीची वहिवाट आहे. ‘चांगली मुलगी’ आणि ‘ती चांगली गाते’ यांत शब्द एकच. दुसऱ्या वाक्यात तो क्रियेचे वर्णन करतो, तरी कर्त्याच्या लिंगाप्रमाणे बदलतो. म्हणून व्याकरण त्यास सव्यय क्रियाविशेषण म्हणते. इंग्रजीत मात्र नामासाठी ‘गुड’, क्रियेसाठी ‘वेल’. गोव्यात १९६१पूर्वी पोर्तुगीज शिकणाऱ्यांनाही ‘बों’ व ‘बें’ हा भेद पाळावा लागे. नुसते ‘ली’ जोडूनही भागत नाही : ‘हार्ड’चे ‘हार्डली’ केले, की अर्थ ‘क्वचितच’ होतो आणि शिफारसपत्रातला कष्टाळू मुलगा कामचुकार ठरतो! तेव्हा शिक्षकांनी आधी मराठी वाक्य उलगडून दाखवावे, मग इंग्रजी.