पेशींचा शिस्तबद्ध अंत आणि प्रथिनभेदक विकर

(ठाणे जिल्ह्यातील शिक्षक, अधिकारी व पंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



पावसाळा सुरू होऊन कल्याण, मुरबाड, शहापूरकडील भातखाचरे पाण्याने भरली, की त्यांत बेडकांची शेपटीवाली पिले वळवळू लागतात. पुढे त्यांना पाय फुटतात आणि शेपटी नाहीशी होते. ती गळून पडत नाही. जागच्या जागी आटत जाते. तिच्यातील पेशी मरतात आणि त्यांतील द्रव्ये शरीर पुन्हा उपयोगात आणते. १९६२ साली जेरोम ग्रॉस आणि चार्ल्स लापिएर या शास्त्रज्ञांना बेडकाच्या पिलाच्या शेपटीतच कोलॅजन हे चिवट प्रथिन तोडणारा विकर सापडला. जीवनाच्या घडणीत मरणालाही नेमून दिलेले काम असते, हे त्या शेपटीवरून कळते.

प्रथिने तोडणाऱ्या विकरांना प्रथिनभेदक विकर म्हणतात. त्यांची ओळख आपल्या स्वयंपाकघराला जुनी आहे. मटण लवकर शिजावे म्हणून कच्च्या पपईचा तुकडा लावतात, तो पपईच्या चिकातील अशाच विकरामुळे गुणकारी ठरतो. आपल्या जठरातील पेप्सिनही याच कुळातले. परंतु पेशी स्वतःच मुख्यतः प्रथिनांच्या आधारावर उभी असते. मग तिच्या पोटात अशी कात्री असताना ती सुरक्षित कशी राहते? याचे उत्तर असे की कात्री असते, पण म्यानात असते.

१९७२ साली केर, वायली आणि करी या तिघा शास्त्रज्ञांनी पेशींच्या या शिस्तबद्ध मृत्यूला ‘अॅपॉप्टोसिस’ हे नाव दिले. झाडाची पाने गळणे, असा त्या ग्रीक शब्दाचा आशय आहे. भाजल्याने किंवा चिरडल्याने पेशी मेली, तर ती फुटते आणि आजूबाजूला दाह होतो. नियोजित मृत्यूत तसे घडत नाही. पेशी आकसते, तिचे लहान लहान पुडे बनतात आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकतात. एका सूक्ष्म कृमीच्या वाढीत निर्माण होणाऱ्या १०९० पेशींपैकी नेमक्या १३१ पेशी अशा मरतात, हे मोजून दाखवले गेले. या कृमीवरील कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कृमीतील मृत्यूचे एक जनुक प्रथिनभेदक विकर घडवते, हे १९९३ साली उघड झाले. मानवी शरीरातील त्याच्या भाऊबंदांना ‘कॅस्पेझ’ म्हणतात.

कॅस्पेझ पेशीत निष्क्रिय स्वरूपात तयार असतात. त्यांना जागे करण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिल्यात, बाहेरून आलेला मृत्यूचा संदेश पेशीच्या पृष्ठभागावर पोहोचतो आणि कॅस्पेझ-८ जागा होतो. दुसऱ्यात, पेशीच्या आतच बिघाड होतो, तिच्या तंतुकणिकांतून सायटोक्रोम-सी नावाचे प्रथिन बाहेर पडते आणि कॅस्पेझ-९ सक्रिय होतो. हे वरिष्ठ विकर मग कॅस्पेझ-३ सारख्या कनिष्ठांना कापून जागे करतात. शासकीय आदेश वरून खाली उतरावा, तशी ही साखळी आहे. कनिष्ठ विकर वाटेल ते प्रथिन वाटेल तेथे तोडत नाहीत. अॅस्पार्टिक आम्लाची विशिष्ट जागा पाहूनच कापतात. पेशीचा सांगाडा मोडतो आणि डीएनए तोडणाऱ्या दुसऱ्या एका विकरावरचा अंकुश सुटतो. दरम्यान चुकीने आदेश निघू नये म्हणून कॅस्पेझांना रोखून धरणारी प्रथिनेही पेशीत असतात. मृत्यूची वेळ खरोखर आली, की तंतुकणिकांतून निघणारा एचटीआरए-२ हा आणखी एक प्रथिनभेदक विकर त्या पहारेकऱ्यांना दूर करतो. या विकराच्या रचनेवर आपल्या शेजारी, खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या ‘अॅक्ट्रेक’ या संस्थेत संशोधन झाले आहे.

हा तोल ढळला तर काय होते? मरू नये ती पेशी मरू लागली, तर अवयव क्षीण होतो. मरायला हवी ती पेशी मरेनाशी झाली, तर कर्करोगाची वाट मोकळी होते. या दुसऱ्या संकटाचा पुरावा आपल्या अगदी जवळचा आहे. पश्चिम बंगालमधील कल्याणी येथील जीवजनुक संस्था आणि अॅक्ट्रेक यांच्या सहभागाने, तंबाखू चघळणाऱ्यांत आढळणाऱ्या गाल व हिरड्यांच्या कर्करोगाचा जनुकीय अभ्यास झाला. तो २०१३ साली प्रसिद्ध झाला. आधी ५० आणि नंतर पडताळणीसाठी आणखी ६० गाठी तपासण्यात आल्या. वारंवार बिघडलेल्या जनुकांत टीपी-५३ होते, तसेच कॅस्पेझ-८ चे जनुकही होते. टीपी-५३ चे काम डीएनएची इजा ओळखून गरज पडल्यास पेशीला मृत्यूचा आदेश देणे, आणि कॅस्पेझ-८ चे काम बाहेरून आलेला आदेश अमलात आणणे. प्रत्येक रुग्णात हे दोन्ही बिघाड असतातच असे नाही. तथापि, ज्याला आपण केवळ वाईट सवय म्हणतो, ती पेशीच्या कारभारात कुठवर हात घालते, हे यावरून ध्यानात येईल.

बिघडलेले जनुक पंचायतीला दुरुस्त करता येणार नाही. बिघाड होऊच नये, किंवा तो लवकर कळावा, एवढे मात्र निश्चित करता येईल. शैक्षणिक संस्थेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूजन्य पदार्थ विकण्यास आणि १८ वर्षांखालील मुलांना ते देण्यास २००३ च्या केंद्रीय कायद्याने मनाई आहे. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. ठाणे स्थानकाबाहेरची टपरी असो, डोंबिवलीतील गल्ली असो की एखाद्या पाड्यावरचे दुकान असो, या नियमांचे पालन होते की नाही हे पाहणारे डोळे स्थानिकच असावे लागतात. घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांची मिश्रीही या चर्चेतून सुटता कामा नये. तोंडात पांढरा वा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड उघडण्यास त्रास दिसला, तर मलमावर दिवस न काढता सरकारी रुग्णालयात तपासणी करून घ्यावी. दुखत नाही म्हणून थांबणे हीच या रोगात सर्वांत महाग पडणारी गोष्ट आहे.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. कॅस्पेझांची नावे मुलांनी पाठ करावीत असा आग्रह नको. प्रत्येक निरोगी पेशीत वेळेवर थांबण्याची तजवीज असते आणि तंबाखू तीच तजवीज मोडते, एवढे त्यांना समजले तरी पुष्कळ झाले.