वरळीची हिंद सायकल : रंग काढायचा की ठेवायचा?

(या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

लोकलच्या दारात उभे राहून ऐकत असाल किंवा रात्री भांडी घासता घासता, आज तुमची वीसेक मिनिटं मला हवी आहेत. विषय आहे सायकल. गिअरवाली, जाड टायरची, हप्त्यावर घेतलेली नव्हे. ती काळी, उंच, दांडीवाली सायकल. दूधवाल्याच्या दोन कॅनमध्ये दबलेली, किंवा गावाकडच्या पडवीत कांद्याच्या पोत्यामागे टेकवून ठेवलेली. त्यातही आज बोलायचंय एका खास नावाबद्दल : हिंद.

हिंद सायकल्स ही मुंबईची कंपनी. कारखाना कुठे होता? वरळीला. जिथे आज काचेचे टॉवर दिसतात, त्याच वरळीत एकेकाळी पोलादी नळ्या कापून, जोडून, रंगवून सायकली बनत होत्या. तेही स्वातंत्र्याच्या आधीपासून. आपल्याला सायकल म्हटलं की लुधियाना आठवतं, ते बरोबरच आहे, कारण हिरो तिथली. पण हिरोची सायकल १९५६ पासूनची. सोनीपतची अ‍ॅटलस १९५१ ची, मद्रासची टीआय सायकल्स १९४९ ची, आसनसोलची सेन-रॅले १९५२ ची. हिंद या सगळ्यांच्या आधीची.

पुढे कंपनी आजारी पडली. सरकारनं कारभार हातात घेतला आणि १९८० मध्ये संसदेनं एक कायदाच केला : हिंद सायकल्स आणि सेन-रॅले या दोन कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणाचा. मुंबईची हिंद गेली नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशनकडे, आसनसोलची सेन-रॅले गेली सायकल कॉर्पोरेशनकडे. कालांतरानं या दोन्ही सरकारी कंपन्याही बंद झाल्या. अगदी अलीकडचं बोलायचं तर अ‍ॅटलसचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला थांबला. ३ जून म्हणजे जागतिक सायकल दिन. योगायोग बघा.

आता तुम्ही म्हणाल, कंपन्या येतात, जातात, त्यात काय एवढं? मुद्दा असा आहे की चालू कंपनीच्या सायकलचं काही अडलं तर डीलरला विचारता येतं, पार्ट मागवता येतो. बंद पडलेल्या कंपनीला फोन लावता येत नाही. मग उरते ती फक्त सायकल. तिच्या नळ्या, तिचा बिल्ला, रंगाखालचा थर आणि फ्रेमवर ठोकलेला नंबर. कारखान्यात काय आणि कसं बनत होतं, ते सांगणारा कागद म्हणजे ती सायकलच. आणि रिस्टोरेशनच्या नावाखाली आपण बऱ्याचदा तोच कागद घासून कोरा करतो.

आधी ओळखायची कशी?

पुढच्या नळीवरचा बिल्ला बघून लगेच 'हिंद आहे, हिंद आहे' असं नाचू नका. बिल्ला दोन रिव्हेटवर असतो आणि दहा मिनिटांत बदलता येतो. फ्रेम एकाची, चिमटा दुसऱ्याचा, चेनव्हील तिसऱ्याचं, असं पन्नास वर्षांत सहज होतं. म्हणून सगळीकडे बघा. हबवर, क्रँकवर, चेनव्हीलवर, सीटच्या स्प्रिंगजवळ काही नाव किंवा खूण ठोकलेली आहे का? चेनव्हीलच्या नक्षीत कंपनीचं नाव किंवा चिन्ह कापायची त्या काळी पद्धतच होती. फ्रेमचा नंबर सीटखालच्या जोडावर शोधा, नाहीतर सायकल उलटी करून पायडलच्या एक्सलच्या डब्याखाली बघा. सापडला की मोबाइलवर फोटो काढा. हे सगळं घासायला घेण्याआधी!

मग एक छोटं लोहचुंबक घ्या आणि नळ्यांवरून हळूहळू फिरवा. जिथे ते नीट चिकटत नाही, तिथे रंगाखाली पुट्टी भरलीय, म्हणजे खाली पोचा आहे. दुसरी परीक्षा दोरीची. मागच्या चाकाचा एक्सल जिथे बसतो तिथे एका बाजूला दोरी बांधा, ती पुढच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूला परत आणा आणि ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून दोन्ही दोऱ्यांचं अंतर पट्टीनं मोजा. सारखं आलं तर फ्रेम सरळ. फरक मोठा असेल तर सायकल कधीतरी जोरात आपटलीय. खर्च? शून्य रुपये.

फ्रेम कशी जोडली होती, ते का महत्त्वाचं?

जुन्या फ्रेममध्ये नळीला नळी थेट वेल्ड केलेली नसते. जोडावर एक पोलादी सॉकेट असतं, त्याला लग म्हणतात. नळ्या त्यात बसवून फटीत वितळलेलं पितळ उतरवायचं. पितळ साधारण ९०० अंशांच्या आसपास वितळतं, पोलाद वितळायला १४०० च्या वर जावं लागतं. म्हणजे नळी न वितळता जोड पक्का होतो. याचाच दुसरा अर्थ असा, की जोड सुटला तर तो परत पितळानंच भरून घ्यायचा. नाक्यावरच्या ग्रिलवाल्याकडे नेऊन आर्क वेल्डिंगचा टाका मारलात, तर पातळ नळी जळते आणि भेग थोडी पुढे सरकून परत उघडते. गॅसवर पितळी जोडकाम करणारे कारागीर अजून आहेत, पण कमी होत चाललेत. तुमच्या गावात असा कोणी असेल तर त्याचा नंबर आजच सेव्ह करा.

खोलताना

सगळ्यात जास्त नुकसान खोलताना होतं, म्हणून इथे जरा थांबतो.

जुन्या क्रँकला कॉटर असतो, म्हणजे एक्सल आणि क्रँक यांच्यामधली पाचर. पायडल मारताना दर फेरीला 'कट्' असा आवाज येतो ना, तो बहुतेक वेळा ढिल्या कॉटरचा. तो काढताना थेट हातोडा घातला की आट्यांचं टोक वाकतं आणि मग ड्रिल मारावं लागतं. त्याऐवजी आदल्या रात्री गंजाचं तेल सोडा. नट पूर्ण काढू नका, टोकाच्या बरोबरीत ठेवा. क्रँकच्या खाली जाड पाइपचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवा, म्हणजे मार छर्ऱ्यांवर जात नाही. मग एकच ठोका, पण ठाम. दहा भित्रे ठोके मारण्यापेक्षा तो बरा.

उलट्या आट्या लक्षात ठेवा. डावं पायडल उलट फिरतं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण इंग्लिश मापाच्या फ्रेममध्ये मधल्या एक्सलचा उजवा कपही उलट्या आट्यांचा असतो. तो नेहमीच्या दिशेनं जोर लावून सोडवायला गेलात तर उलट आणखी घट्ट कराल.

छर्रे मोजून डब्यात ठेवा. मागच्या हबला सहसा पाव इंची छर्रे, एका बाजूला ९. पुढच्या हबचे लहान असतात. नवे घेताना सगळे एकाच पाकिटातले घ्या, जुने-नवे मिसळू नका. आणि हबच्या मधोमध स्प्रिंगच्या पट्टीनं झाकलेलं छोटं भोक दिसलं तर ते तेल सोडायला आहे. कारखान्यानं सोय करून ठेवलीय, वापरा!

आनंदाची गोष्ट म्हणजे २८ बाय दीडचे टायर आजही मिळतात, कारण तशा काळ्या सायकली आपल्याकडे अजून बनतात. युरोपातल्या हौशी लोकांना जे शोधत फिरावं लागतं, ते आपल्याला तालुक्याच्या सायकल मार्टमध्ये मिळतं. ब्रेकचे रबर, दांड्या, कॉटर, सगळं.

आता खरा प्रश्न : रंग

इथे एक गोष्ट सांगतो. गेल्या वर्षी एक गृहस्थ हिंदची सायकल घेऊन आले. वय पन्नासच्या पुढे. म्हणाले, "वडिलांची आहे. गिरणीत होते ते. पुढच्या महिन्यात त्यांना ऐंशी पूर्ण होतायत. सगळा रंग काढा आणि एकदम चकाचक काळी करून द्या. सोनेरी रेघा पण मारा."

मी सायकल पुसायला घेतली. मूळ रंग बराचसा शाबूत होता. सोनेरी रेघ काही ठिकाणी दिसत होती. फक्त आडव्या दांडीवर दोन पट्टे होते, दोन-दोन बोटं रुंद, जिथे रंग पार उडून पोलाद उघडं पडलं होतं. मला वाटलं, काहीतरी वजनदार बांधत असतील. विचारायला म्हणून फोन केला, तो काकांनीच उचलला.

म्हणाले, "अहो, तिथे त्याची सीट होती. लहानपणी पुढे बसायचा ना. पत्र्याची छोटी सीट मिळायची, दांडीवर आवळायची. पाच वर्षं काढलीच नाही. पाळी संपवून यायचो, की हा दारात तयार."

मी मुलाला बोलावून घेतलं आणि ते दोन पट्टे दाखवले. फार काही बोललो नाही. त्यांनी एका पट्ट्यावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "म्हणजे रंग लावला तर हे जाणार?"

"जाणार."

"मग राहू दे."

सगळं तसंच ठेवलं का? अजिबात नाही. मागची रिम आतून गंजून पातळ झाली होती, ती बदलली. टायर, ट्यूब, दोन्ही कॉटर, ब्रेकचे रबर नवे. त्या उघड्या पट्ट्यांवर मेणाचा पातळ हात दिला, म्हणजे गंज पुढे सरकणार नाही. जुनी रिम फेकली नाही, चिठ्ठी लावून घरी दिली. काकांनी विचारलं एकच, "ब्रेक लागतो ना?" लागत होता. गल्लीत एक चक्कर मारून आले. मुलगा बाजूनं चालत होता, हात कॅरिअरच्या जवळ, पण न धरता.

तेव्हापासून माझा नियम सरळ आहे. जो भाग वजन पेलतो किंवा सायकल थांबवतो, तो खराब असेल तर बिनदिक्कत बदला. चिमट्याला भेग आहे आणि 'ओरिजिनल आहे हो' म्हणून ठेवलाय, हा जिवाशी खेळ आहे. पण जो भाग फक्त काही सांगतो, म्हणजे रंग, रेघा, बिल्ला, दुकानदाराचा स्टिकर, नगरपालिकेच्या सायकल कराचा पत्र्याचा बिल्ला, त्याला हात लावण्याआधी घरातल्या सगळ्यात मोठ्या माणसाला विचारा. रंग नंतर कधीही देता येतो. काढलेला रंग परत आणता येत नाही.

रंग जपायचा असेल तर सौम्य साबणाचं पाणी, मऊ फडकं, मग गाडीचं पॉलिश. थिनर आणि रॉकेल रेघांपासून लांब ठेवा, नाहीतर पन्नास वर्षं टिकलेली रेघ फडक्यावर येईल. कुठलीही गोष्ट आधी सीटखाली, न दिसणाऱ्या जागी लावून बघा. क्रोमवरच्या गंजाला अगदी बारीक स्टील वूल आणि थोडं तेल पुरतं. आणि पितळी बिल्ला दिसला की आपला हात आपोआप चिंचेकडे किंवा पितांबरीकडे जातो! थांबा. अक्षरांमध्ये भरलेला रंग त्यात निघून जातो. ओलं फडकं बस.

उलट बाजूही सांगतो. सायकलवर आधीच तीनदा ऑइल पेंटचा ब्रश फिरलाय, खाली मूळ काहीच उरलेलं नाही, गंज नळीत शिरलाय, तर खुशाल घासा आणि रंगवा. हट्टानं गंज जपण्यात काही अर्थ नाही. फक्त बाजारात मिळणारे नवे स्टिकर लावून ती 'मूळ अवस्थेतली' म्हणून विकू नका.

विकत घेताना

आता 'व्हिंटेज' शब्दाला भाव आलाय. कॅफेच्या भिंतीवर टांगायला, लग्नाच्या फोटोशूटला लोक जुन्या सायकली शोधतात. त्यामुळे एक प्रकार वाढलाय : खेड्यात जायचं, कोणा म्हाताऱ्याला भंगाराचा भाव द्यायचा आणि शहरात पंधरापट किमतीला विकायची. हे सौद्याचं कौशल्य आहे असं काहींना वाटतं. मला विचाराल तर समोरच्याला आधी सांगा, की तुमच्याकडे काय आहे. मग भाव करा. अनेकदा असं होतं की तो माणूस म्हणतो, "असं होय? मग नातवाला ठेवतो." सायकल आपल्याला मिळत नाही, पण ती वाचते. आणि मिळालीच, तर तिच्याबरोबर तिची हकिकतही मिळते : कधी घेतली, कितीला, कोणत्या दुकानातून, कोण बसायचं. ती मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. माणसाच्याच आवाजात.

जुन्या सायकली एका जागी बघायच्या असतील तर पुण्यात विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. एकदा जाऊन या, नुसते ब्रेकचे प्रकार बघितले तरी डोकं चक्रावतं.

तर मंडळी, या रविवारचं काम. घरातली, चाळीतली, गावातली एक जुनी सायकल शोधा. तिला घासू नका, रंगवू नका. फक्त धूळ पुसा, नंबर शोधा, चार फोटो काढा आणि ती कोणाची होती ते विचारा. बिल्ल्यावर 'हिंद' निघालं तर मला आवाजी मेसेज पाठवा, पुढच्या भागात आपण ते सगळ्यांना ऐकवू. पुढच्या वेळी विषय आहे डायनामो, आणि रात्री दिवा नाही म्हणून पोलीसमामा चाकातली हवा का सोडायचे!

भेटूया. हवा भरून ठेवा.